ग्रीन कार्ड, आईचे गुडघे आणि बिल्डिंगची ओसी

पार्ले ईस्टला संध्याकाळी कुठल्याही कट्ट्यावर बसलात तर ग्रीन कार्डवाले, म्हणजे अमेरिकेत कायम राहायची परवानगी असलेले, एक तरी काका भेटतातच, मुलगा न्यू जर्सीला नाहीतर मुलगी बे एरियात, आणि या सगळ्या काकांना एक नियम रामरक्षेसारखा पाठ असतो. सहा महिन्यांच्या आत एकदा जाऊन तोंड दाखवून यायचं, की कार्ड सेफ. कोणी काढला हा नियम देव जाणे, पण अमेरिकेच्या कायद्यात तो असा कुठेही नाहीये आणि त्याच्यावर विसंबून लोकं दर वर्षी लाखभर रुपयांची तिकिटं काढतात, जेट लॅग सोसतात, तीन आठवडे नातवंडांबरोबर राहून परत येतात आणि पुढचे सहा महिने निर्धास्त असतात.

आमच्याकडे गेले कित्येक महिने जेवताना हाच विषय चाललाय. दादा अमेरिकन सिटिझन झाला तसं त्याने आईबाबांना स्पॉन्सर केलं, एकवीस वर्षांवरच्या सिटिझन मुलाने आईवडिलांना बोलावलं तर त्यात कोटा वगैरे नसतो, रांग नसते, त्यामुळे कार्ड पटकन मिळालं. दोघं तिकडे राहिले, मग पार्ल्याच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं म्हणून इकडे आले. करारावर सह्या, घर रिकामं करणं, भाड्याचं घर शोधणं, चाळीस वर्षांच्या भांड्यांचं काय करायचं यावर भांडणं. तेवढ्यात आईच्या गुडघ्यांनी संप केला. एक गुडघा बदलला, दुसरा बदलायचाय. मी मुलुंडला राहते, नोकरी सांभाळून या सगळ्याच्या फाइली माझ्याकडे, त्यामुळे आता ग्रीन कार्ड नसूनही मला त्याच्याबद्दल काकांपेक्षा जास्त माहितीये.

तर खरा हिशोब असाय. सलग १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात तर परत जाताना विमानतळावरचा अधिकारी तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा माणूस समजू शकतो, म्हणजे प्रश्न वाढतात, तपासणी कडक होते. कार्ड तेवढ्याने जात नाही. सलग वर्षाच्या वर बाहेर राहिलात तर मात्र नुसतं कार्ड प्रवेशासाठी चालत नाही, मग कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी उपयोग नाही, आणि सहार विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरवरच अडकू शकता कारण प्रवासी तिकडून परत पाठवला तर भुर्दंड एअरलाइनला पडतो. हे झाले दोन आकडे. पण या दोन्हींच्या खाली एक तिसरी गोष्ट आहे आणि काकांचा नियम तिलाच बगल देतो. तुमचं घर नक्की कुठे आहे? तुम्ही अमेरिकेत राहता आणि मुंबईला तात्पुरते आलात, की मुंबईत राहता आणि अमेरिकेला फिरायला जाता? दुसरं असेल तर पाच महिन्यांत परत गेलात तरी अधिकारी म्हणू शकतो की तुम्ही तिथलं वास्तव्य सोडलंय.

यावर १९७५ चा एक निकाल आहे, मॅटर ऑफ केन म्हणून, तिथल्या इमिग्रेशन अपिलाच्या बोर्डाचा, आणि वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात. जमैकाच्या एक बाई होत्या, वर्षातले अकरा महिने जमैकात राहून स्वतःचं लॉजिंग चालवायच्या आणि एक महिना अमेरिकेत येऊन जायच्या. दर वर्षी नियमित, कधी वर्ष उलटू दिलं नाही. बोर्डाने सांगितलं की बाई, तुमचं घर जमैकात आहे. त्या निकालात तीन गोष्टी बघितल्या आहेत, गेलात कशासाठी, परतायची काही ठरलेली वेळ होती का, आणि तुमचं खरं घर किंवा कामधंदा अमेरिकेत आहे असं वस्तुस्थितीवरून दिसतं का. मनातून परत जायचं होतं हो, असं नुसतं बोलून भागत नाही. १९८८ च्या मॅटर ऑफ हुआंगमध्येही याच अंगाने चर्चा आहे, बाहेरचा मुक्काम थोड्या काळाचा हवा किंवा कुठलीतरी ठराविक घटना घडली की संपणारा हवा, आणि ती घटना नजीकच्या काळात घडेल अशी वाजवी शक्यता हवी.

आता मला सांगा, मुंबईत रिडेव्हलपमेंट ही ठराविक काळात संपणारी घटना आहे का? बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले, सांगू की ओसी (नव्या बिल्डिंगमध्ये राहायला जायचा दाखला) मिळाली की येतो. मी म्हटलं बाबा, बिल्डर तुम्हाला लेखी तारीख देत नाही आणि तुम्ही ती अमेरिकन सरकारला देणार? ऑपरेशनचं वेगळं असतं, त्याला डिस्चार्ज कार्ड आहे, सर्जनचं पत्र आहे, फिजिओ किती आठवडे चालणार ते लिहून मिळतं, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही कागदावर येतात. ओसीला शेवट नसतो. (आमच्या शेजारच्या सोसायटीचे मेंबर अजून भाड्याच्या घरात आहेत आणि त्यांच्या टॉवरच्या प्लिंथवर पिंपळ उगवलाय, पण तो वेगळा विषय.)

मग पुरावे. दादाचा वकील म्हणाला, अमेरिकेशी नातं दाखवणारे कागद गोळा करा, आणि इथेच सगळ्या आजीआजोबांची गोची होते. नोकरी नाही, घर मुलाच्या नावावर, गाडी मुलाची, लाइट बिल मुलाचं, फोनसुद्धा सुनेच्या फॅमिली प्लॅनवर. बाबांच्या स्वतःच्या नावावर काय निघालं तर स्टेट आयडी, एक बँक अकाउंट आणि हेल्थ इन्शुरन्सची पत्रं. आईच्या नावावर तर त्याहून कमी. इकडे मात्र फ्लॅट, लॉकर, पेन्शन, मतदार यादी, नाट्यगृहाच्या तिकिटांची चळत, सगळं भरभरून! आणि अधिकाऱ्याला दोन्ही पारडी दिसतात. कोणी नुकतं कार्ड घेऊन जाणार असेल तर पहिल्या महिन्यातच स्वतःच्या नावाने बँक अकाउंट, स्टेट आयडी, टॅक्स रिटर्न हे सुरू करा, नंतर गोळा करू म्हटलं तर गोळा करायला काही नसतं.

लांब राहायचं हे आधीच माहीत असेल तर सरळ रस्ता म्हणजे रीएन्ट्री परमिट. आय-१३१ फॉर्म. पासपोर्टसारखी पुस्तिका मिळते, जास्तीत जास्त दोन वर्षं चालते, आणि तेवढ्या काळात नुसत्या लांबच्या मुक्कामावरून कार्ड सोडलंत असं धरत नाहीत. पण मेख अशी की अर्ज करताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला पाहिजे. मुंबईत बसून ऑनलाइन भरला, दादाने तिकडून पोस्टात टाकला, असले प्रकार चालत नाहीत. बोटांचे ठसे, म्हणजे बायोमेट्रिक्स, तेही तिकडेच द्यायचे, त्याची तारीख नंतर येते, त्यासाठी थांबा नाहीतर परत जा. ते झालं की पुस्तिका हातात यायची वाट बघत बसायची गरज नाही, अर्जातच सांगता येतं की इकडच्या कॉन्सुलेटला पाठवा. तिची मुदत वाढवून मिळत नाही, नवीन हवी तर परत तिकडे जाऊन नवा अर्ज, आणि कार्ड मिळाल्यापासून गेल्या पाच वर्षांत चार वर्षांच्या वर बाहेर काढली असतील तर साधारणपणे एकाच वर्षाची देतात.

लोकं इथे अजून एक घोळ घालतात. परमिट आहे म्हणजे सिटिझनशिपचं घड्याळ पण चालू आहे असं समजतात. तसं नाहीये. सिटिझनशिपला पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं आणि त्यातले ३० महिने प्रत्यक्ष तिथे काढलेले लागतात, सहा महिन्यांच्या वरची गैरहजेरी असेल तर सलगता तुटली असं आधी गृहीत धरतात आणि खुलासा तुम्ही करायचा, आणि वर्षाच्या वर गेलात तर तुटलीच, परमिट खिशात असलं तरी. काकांच्या सहा महिन्यांच्या नियमाचं मूळ बहुधा इथे असावं, सिटिझनशिपचा नियम कार्डाला चिकटवला गेला. आईचा यात एकच प्रश्न, परीक्षा मराठीत देता येते का? येते, पण पंचावन्नच्या वर वय आणि पंधरा वर्षं ग्रीन कार्ड झालेलं असेल तर. पंधरा वर्षं म्हटल्यावर तिने हातातली शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि विषय संपवला.

विमानतळाबद्दल एक सांगायचंच आहे. आमच्या ओळखीतले एक काका वर्षाला टेकलेला मुक्काम करून परत गेले, लांबचा प्रवास, डायबिटीस, झोप नाही, आणि तिथे एका विमानतळावर आतल्या खोलीत बसवून त्यांच्यापुढे एक फॉर्म ठेवला, सही करा म्हणजे लवकर सुटाल. त्यांनी केली. तो आय-४०७ होता, स्वखुशीने कार्ड परत करायचा फॉर्म. ती सही करायची सक्ती नसते हे प्रत्येक आजीआजोबांना पाठ करून पाठवा. नाही म्हणता येतं, इमिग्रेशन जज्जपुढे सुनावणी मागता येते, आणि तिथे तुम्ही वास्तव्य सोडलंत हे सरकारला सिद्ध करावं लागतं, तेही बऱ्यापैकी भक्कम पुराव्याने. अधिकाऱ्याने नुसतं खोलीत बसून म्हटलं म्हणून स्टेटस संपत नाही. इंग्रजी ऐकायला त्रास होत असेल तर दुभाषी मागा, वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

वर्ष उलटून गेलं आणि परमिट नाही, मग काय? मग एसबी-१, रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा. डीएस-११७ फॉर्म भरायचा आणि कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायची. याबाबतीत आपण मुंबईकर नशीबवान, कारण भारतातल्या इमिग्रंट व्हिसाचं जवळजवळ सगळं काम मुंबईच्याच कॉन्सुलेटमध्ये चालतं, दिल्ली-चेन्नईचे लोक हॉटेल घेऊन राहतात आणि आपण कुर्ल्याहून रिक्षाने बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जातो. (जुने लोक अजून ब्रीच कँडीच म्हणतात, कॉन्सुलेट २०११ पर्यंत तिथे होतं.) पण जवळ असलं म्हणून सोपं नाही. निघताना परत जायचा इरादा होता, तो कधी सोडला नाही आणि जास्त राहणं आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झालं, हे सगळं दाखवावं लागतं. कोविडमध्ये मार्च २०२० ला विमानं बंद झाली तेव्हा कितीतरी लोक इकडे अडकले आणि त्यातल्या काहींचं वर्ष उलटलं, तेव्हासुद्धा सरसकट माफी नव्हती, ज्याची त्याची केस. आता विचार करा, विमानं बंद होती हे कारण आणि फ्लॅटची लॉटरी पद्धतीने अलॉटमेंट व्हायची होती हे कारण, अधिकाऱ्याला सारखंच वाटेल का?

इथवर सगळे ऐकून घेतात. टॅक्सवर आलं की कट्टा रिकामा होतो.

ग्रीन कार्ड असेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या टॅक्सच्या दृष्टीने तिथलेच, मग मुंबईत वर्षभर बसलात तरी. जगभरातलं उत्पन्न धरायचं, म्हणजे बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज, भाडं आलं तर भाडं. उत्पन्न त्यांच्या मर्यादेच्या खाली असेल तर रिटर्न सक्तीचा नसतो पण वकील म्हणतात तरीही भरा, कारण तोच सगळ्यात चांगला पुरावा. त्याशिवाय एफबार. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर कळवायचं, उत्पन्न असो नसो. मुंबईतल्या कुठल्याही रिटायर्ड बँकवाल्याच्या एफड्या याच्या वर जातात! आणि जॉइंट खातीसुद्धा धरायची, म्हणजे माझ्या एका एफडीवर बाबांचं दुसरं नाव आहे तीही त्यांच्या यादीत. म्युच्युअल फंडांचं तर विचारूच नका, आपले इकडचे फंड तिकडे एका वेगळ्याच किचकट वर्गात मोडतात, त्याचा वेगळा फॉर्म, वेगळा हिशोब, आणि तो करून देणाऱ्याची फी कधी कधी फंडाच्या नफ्याहून जास्त.

आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे इथल्या सीएचा चांगल्या मनाने दिलेला सल्ला. बाबा वर्षात १८२ दिवसांच्या वर इथे राहिले म्हणजे भारताच्या दृष्टीने रेसिडेंट झाले, मग दोन्ही देशांतल्या टॅक्स कराराचा आधार घेऊन अमेरिकेत नॉनरेसिडेंट म्हणून रिटर्न भरू, टॅक्स वाचेल. टॅक्स वाचेलही. पण तुम्ही स्वतःच सही करून सांगितलंत की मी तुमच्या देशात राहत नाही, आणि तोच कागद उद्या विमानतळावर किंवा कोर्टात तुमच्याविरुद्ध ठेवला जाऊ शकतो. सीएला टॅक्स दिसतो, इमिग्रेशन वकिलाला कार्ड दिसतं, दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर बसवा. आम्ही बसवलं, दोघांनी एकमेकांना चार वेळा मध्येच तोडलं, पण काम झालं.

माझी मावसबहीण कॅनडाची पीआर, म्हणजे तिथली कायमची रहिवासी, आहे, ती हे सगळं ऐकून हसते. त्यांच्याकडे नुसतं गणित आहे. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे असायला पाहिजे, सलग नसले तरी चालतात, आलात गेलात तो अर्धवट दिवससुद्धा मोजतात, आणि कॅनेडियन सिटिझन नवऱ्याबरोबर बाहेर राहिलात तर तेही दिवस धरले जातात. कार्डाची तारीख संपली म्हणून पीआर संपत नाही, फक्त विमानात बसायला वेगळं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं. इरादा वगैरे भानगड दिवस कमी पडले तरच येते. म्हणूनच बोरिवली-ठाण्याची कितीतरी मंडळी लँडिंग करून, म्हणजे एकदा तिथे जाऊन पीआर चालू करून, येतात आणि दोन-तीन वर्षं इथली नोकरी चालू ठेवतात. ऑस्ट्रेलियाचंही पाचातली दोन वर्षं असंच काहीसं. इंग्लंडमध्ये आयएलआर, म्हणजे तिथली कायम राहायची परवानगी, सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की जाते. अमेरिकाच तेवढी मनात डोकावते.

आता माझं स्पष्ट मत, जे दादाला आवडत नाही. कार्ड कसं टिकवायचं याच्या आधी ते टिकवायचं कशाला हे विचारा. ज्यांनी नोकरीतून कार्ड मिळवलंय, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर भारतीयांच्या त्या संपत नसलेल्या रांगेत वर्षानुवर्षं काढलीयत, त्यांनी जपावंच, परमिट काढून, वकील लावून, काय वाट्टेल ते करून, कारण परत ती रांग लावायला आयुष्य पुरणार नाही. पण आईबाबांचं तसं नाही. उद्या त्यांचं कार्ड गेलं आणि परवा परत जाऊन राहावंसं वाटलं तर दादा पुन्हा अर्ज करू शकतो, तेव्हाही कोटा नाही. वेळ लागेल, पैसे लागतील, बीकेसीला परत मुलाखत होईल, पण दार बंद झालं असं नाही. आणि मेडिकेअरसाठी, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, कार्ड ठेवायचं म्हणावं तर तिथे कामाचा इतिहास नसलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला ते विकत घ्यायलासुद्धा आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. जो माणूस गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत करायला येतो त्याने ती पाच वर्षं कधी मोजायची?

मग टुरिस्ट व्हिसा का नको? कार्ड आय-४०७ ने रीतसर परत करता येतं, त्याला फी नाही, पोस्टाने पाठवायचं, आणि मग बी-२ साठी अर्ज. मिळेलच अशी खात्री कोणी देत नाही, पण स्वतःहून कार्ड परत केलेला माणूस तिथे लपून राहणार नाही हे सांगायला तो कागद बरा असतो. एकदा मिळाला की दहा वर्षं, गेलं की साधारण सहा महिने राहता येतं, आणि सीएला फोन करायला नको. एक बघून घ्या, गेल्या पंधरा टॅक्स वर्षांपैकी आठ वर्षांत कार्ड हातात असेल तर परत करताना एक्झिट टॅक्सचे, म्हणजे तिथला रहिवास सोडतानाच्या कराचे, नियम लागू होऊ शकतात, मालमत्ता २० लाख डॉलरच्या वर असेल तर विशेष. बाबा म्हणाले आपलं कुठे एवढं. मी म्हटलं पार्ल्यात ज्यांचा अख्खा बंगला आहे त्यांनी आधी हिशोब करावा.

तर सध्याची परिस्थिती अशी की बाबांनी कार्ड परत करायचं ठरवलंय. त्यांना तिकडे हिवाळ्यात घरात बसून राहणं कधीच जमलं नाही, इथे ते सोसायटीच्या कमिटीत आहेत आणि बिल्डरशी भांडण्यात त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झालंय. आईने साफ नकार दिला. नात तिकडे पहिलीत आहे, मला पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितकं राहता आलं पाहिजे, मी कोणाला तारीख सांगणार नाही. वकिलाने सांगितलं की एकाने ठेवायचं आणि एकाने सोडायचं हे चालतं, फक्त बाबांच्या टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीत बायको तिकडची रहिवासी आहे मग तुम्ही परत कशावरून याल हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर म्हणून फ्लॅटचा करार, पेन्शन, कमिटीचं पत्र हे सगळं घेऊन जायचं. म्हणजे जे कागद ग्रीन कार्डासाठी अडचणीचे होते तेच आता कामाला येणार.

आईचं वर्ष भरायच्या आत तिला जायचंय, पहिल्या गुडघ्याची फाइल हातातल्या बॅगेत, सर्जनच्या पत्रासकट. तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात आय-१३१ भरायचा आणि मग दुसऱ्या गुडघ्यासाठी परत. दादा लगेच दोन्ही बाजूंची तिकिटं काढायला निघाला होता, त्याला थांबवलंय, बायोमेट्रिक्सची तारीख येईपर्यंत परतीचं तिकीट बदलता येईल असंच घे म्हटलं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.